टाकी धुतली आणि मासे फिके पडले: भीती किती, पाणी किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. तीन फुटी टाकी, दोन वर्षं छान चाललेली. त्यात चार एंजल, आठ विडो टेट्रा आणि तळाला तीन कोरीडोरास. दिवाळीच्या आधी हॉलचं रंगकाम काढलं म्हणून रविवारी टाकी रिकामी केली, जुनी काळपट वाळू काढून टाकली, काचा घासल्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून काढला, तळाला नवी पांढरी खडी घातली आणि समोरच्या भिंतीला टाकी लावली. नळाचं पाणी भरलं, अँटिक्लोरीनचे थेंब टाकले, संध्याकाळी मासे परत सोडले. सोडल्या सोडल्या मासे फिके पडले आणि मागच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसले. मंगळवारी जरा सुधारले, खायलाही आले. बुधवारपासून मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि आज सकाळी एक टेट्रा मेलेला दिसला. दुकानदार म्हणतो सगळं पाणी पुन्हा बदला आणि निळं औषध घाला. तुम्ही विचारताय, मासे नव्या जागेला घाबरलेत का आणि सवय व्हायला किती दिवस लागतील?

पहिली विनंती: सगळं पाणी बदलू नका आणि निळं औषध घालू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे दोन आत्ता पाळा. कारण पुढे येतंच आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही घाबरण्याबद्दल विचारलंत, पण तुमच्या मजकुरात दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्या एकीत मिसळल्यामुळे गोंधळ झालाय. रविवारी संध्याकाळचं फिकं पडणं ही एक घटना. बुधवारचं वर येऊन तोंड मारणं ही दुसरी. मधला मंगळवार, ज्या दिवशी मासे सुधारले, तो या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. तुम्ही तो लिहिलात म्हणून बरं झालं, बहुतेक लोक तो गाळतात. घाबरलेला मासा दिवसागणिक सावरत जातो. सावरून पुन्हा बिघडला, तर मधल्या काळात पाण्यात काहीतरी साठत गेलंय असं समजायचं.

वीसेक वर्षं मासे पाळताना मला एक सवय लागली आहे. कोणी म्हणालं की मासे विचित्र वागतायत, की मी आधी दोन गोष्टी विचारतो: बदल झाल्यावर किती वेळाने, आणि टाकीत नेमके कुठे? काही मिनिटांत त्रास सुरू झाला तर क्लोरीन, तापमानातला मोठा फरक किंवा पाण्यातल्या क्षारांचा फरक. दोन ते पाच दिवसांनी सुरू झाला तर बहुतेक वेळा अमोनिया. आठवडा-दहा दिवसांनी अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले तर त्या वेळच्या धक्क्याने प्रतिकारशक्ती खाली आली आणि रोगाने गाठलं. जागेचंही तसंच आहे. तळाच्या कोपऱ्यात पर आवळून बसलेला मासा भीतीने किंवा थंडीने बसलेला असतो. फिल्टरचं पाणी पडतं तिथे, पृष्ठभागालगत जमलेले मासे श्वासासाठी झगडत असतात. काचेला लागून सारखे वर-खाली पळणारे मासे बहुधा स्वतःच्या प्रतिबिंबाने किंवा नव्या जागेने अस्वस्थ असतात. दगडावर अंग घासणाऱ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा कातडीला काहीतरी झोंबत असतं.

या हिशेबाने तुमची रविवारची संध्याकाळ पाहू. क्लोरीनने एवढी दाणादाण उडवली असती तर मंगळवार चांगला गेलाच नसता. त्यामुळे तुमचे थेंब पुरेसे पडले होते असं मी धरतो. फिकेपणाचं कारण मला तुमची पांढरी खडी वाटते, आणि अर्थात पकडापकडी. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. काळा रंग पेशीभर पसरला की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाला की फिका. खाली पांढरा तळ आणि वरून प्रखर दिवा असला की मासा आजूबाजूशी जुळवून घ्यायला रंग आवरून घेतो, आणि त्यात भीतीची भर पडली की एंजलचे उभे काळे पट्टे पुसल्यासारखे होतात. हा बदल काही मिनिटांत होतो आणि तसाच परततोही. माझ्याकडे एकाच वेळची एंजलची पिल्लं दोन टाक्यांत होती, एकीत काळी वाळू आणि दुसरीत पांढरी. पाहुणे नेहमी विचारायचे की या दोन वेगळ्या जाती का?

भीतीचा भागही खरा आहे, तो मी झटकत नाही. माशाच्या दोन्ही कुशींना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. पाण्यातली हालचाल आणि थरथर तो तिच्यातून टिपतो. जुन्या जागी कुठून माणूस येतो, कुठे दार आपटतं, दिवा कधी लागतो हे त्याला दोन वर्षांत पाठ झालं होतं. नव्या भिंतीला ते सगळं उलटं झालं. शिवाय एंजल हा जागा वाटून घेणारा मासा. कुठलं पान, कुठला कोपरा कोणाचा हे ठरलेलं असतं, आणि मांडणी बदलली की ती वाटणी पुसली जाते. (याचा उपयोगही करता येतो. नवा एंजल आणायचा असेल तेव्हा मी मुद्दाम दगड-झाडं हलवतो, म्हणजे जुन्यांचीही जागा नवी होते आणि आलेल्याला एकट्याला मार बसत नाही.) अशा भीतीला साधारण एक ते तीन दिवस लागतात. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गडद कागद लावा, दिवा दोन दिवस बंद ठेवा. खोलीत मिट्ट अंधार असताना टाकीचा दिवा एकदम लावू नका. आधी खोलीतला लावा आणि दहा मिनिटांनी टाकीतला. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता बुधवार. इथे खरं दुखणं आहे.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा कचरा तो अमोनियाच्या रूपात टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. मुरलेल्या टाकीत हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, वाळूच्या कणांना आणि काचेवरच्या बुळबुळीत थराला चिकटून राहतात. तुम्ही त्या रविवारी वाळू फेकली, काचा घासल्या आणि स्पंज क्लोरीनच्या पाण्यात पिळला. विरजण लावलेली सगळी भांडी एकाच दिवशी घासून टाकावीत तसं झालं. टाकी दिसायला लख्ख झाली, पण दोन वर्षांत मुरलेलं सगळं धुऊन गेलं आणि पंधरा मासे मात्र तेवढेच राहिले.

मग रविवार, सोमवार, मंगळवार अमोनिया साठत गेला. मंगळवारी मासे खायला आले म्हणून तुम्ही आनंदाने दोनदा खाणं घातलंत असं लिहिलंय. मीही तेच केलं असतं. पण त्याने साठा आणखी वाढला. बाहेरच्या पाण्यात अमोनिया वाढला की माशाच्या आतला बाहेर पडेनासा होतो. जी वाट कचरा टाकायची, तीच श्वासाची, आणि तीच भाजून निघते. म्हणून मासा वर येतो. पृष्ठभागाच्या पातळ थरात प्राणवायू थोडा जास्त असतो, तेवढाच आधार.

कोरीडोरासकडे नीट बघा. हा मासा एरवीही मधूनमधून वर झेप घेऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून त्यातला प्राणवायू शोषतो, त्यामुळे दिवसातून काही वेळा असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पण मिनिटा-दोन मिनिटाला झेपा सुरू असतील तर ती धोक्याची खूण. दुसरी खूण कल्ल्यांची. घड्याळ लावून अर्धा मिनिट कल्ल्यांची उघडझाप मोजा. माझ्या टाकीतल्या प्रत्येक जातीचा शांत दिवसाचा आकडा मी वहीत लिहून ठेवतो. त्याच्या दीडपट दिसला की मासा दिसायला ठीक असला तरी मी पाणी तपासतो.

इथे पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्या मापाची, गोष्ट सांगायलाच हवी, कारण दुकानदाराचा सल्ला तिथेच अंगलट येऊ शकतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराच सौम्य. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूणातला साधारण अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे दसपट. त्यामुळे अमोनिया चढलेला असताना पीएच वर नेणारी कुठलीही गोष्ट जिवावर बेतते. माझ्या एका परिचितांनी तीन वर्षं टाकीत फक्त उडालेलं पाणी भरलं होतं, बदललं कधीच नव्हतं. अशा टाकीचा पीएच हळूहळू खूप उतरतो. मासे त्या पाण्याला सरावले होते आणि साठलेला अमोनिया सौम्य रूपात पडून होता. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी ऐंशी टक्के पाणी ताजं भरलं आणि तासाभरात मासे आडवे झाले. ते मला म्हणाले, घाणीत जगले आणि स्वच्छ पाण्यात मेले, हे कसं? पीएच एका झटक्यात वर गेला, हे त्याचं उत्तर.

तुमच्या पांढऱ्या खडीचा संबंध इथेही येतो. ती संगमरवरी असेल तर हळूहळू विरघळून पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, करेल आणि पीएच चढवेल. ओळखायला सोपं आहे: चार खडे बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे उठून फसफसलं तर संगमरवर. तीन-चार दिवसांत तिने फार मोठा फरक केला असेल असं मला वाटत नाही, म्हणून टेट्रा मेल्याचा ठपका मी तिच्यावर ठेवत नाही. पण एंजल आणि टेट्रा दोघंही मऊ पाण्यातले, त्यांच्यासाठी ती कायमची ठेवू नका. तुमच्याकडे मोली किंवा गप्पी असत्या तर मी हे म्हटलंही नसतं, त्यांना जड पाणी मानवतं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि सर्वांत जास्त अवलंबून आहे ते तुमच्या सोसायटीच्या पाण्यावर. तुम्ही पुण्याच्या उपनगरात राहता असं लिहिलंय, म्हणून वॉचमनला एक विचारा: रविवारच्या आसपास टँकर आला होता का? धरणाचं पाणी मऊ असतं. टँकरचं बहुधा बोअरचं असतं, काळ्या खडकातून आलेलं, क्षारांनी भरलेलं. दोन्ही एकाच जमिनीखालच्या टाकीत पडतात आणि नळाला काही कळत नाही. एका मे महिन्यात मी नेहमीसारखं रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदललं आणि दहा मिनिटांत टेट्रा सैरभैर झाले. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर एरवी ११० दाखवणारा नळ ७४० दाखवत होता. तेव्हापासून बादली भरली की आधी मीटर, मग टाकी.

क्षारांचा एवढा त्रास का होतो? मनुका पाण्यात भिजत घातला की फुगतो. गोड्या पाण्यातला मासा सतत त्या मनुक्याच्या अवस्थेत असतो. त्याच्या रक्तात क्षार जास्त आणि बाहेर कमी, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी आत शिरत राहतं. ते तो भरपूर पातळ लघवी करून बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी क्षार धरून ठेवतो. हा हिशेब त्याने रोजच्या पाण्याप्रमाणे बसवलेला असतो. बाहेरचं पाणी अचानक बदललं की तो नव्याने बसवायला काही दिवस लागतात आणि तोवर त्याची सगळी शक्ती तिथेच खर्च होते. हळूहळू झालेला मोठा बदल मासा पचवतो, झटक्यात झालेला लहान बदल त्याला झेपत नाही.

आता आजपासून काय करायचं ते सांगतो. अमोनियाची थेंबवाली किट मिळवा आणि त्याबरोबर पीएचचीही. किट येईपर्यंत वाट पाहू नका: आजच तीस टक्के पाणी बदला. पाणी पिंपात भरून अँटिक्लोरीन मिसळा, हाताला टाकीइतकंच कोमट-गार लागतंय ना ते पाहा, शक्यतो थर्मामीटरनेच, आणि मगाने हळूहळू ओता. ओतायला अर्धा तास लागला तरी चालेल. रोज असंच, अमोनिया शून्याला येईपर्यंत. खाणं तीन दिवस पूर्ण बंद. मोठ्या माशांना एवढा उपास अजिबात जड जात नाही आणि त्या दिवसांत अमोनियाची आवक निम्म्याहून खाली येते. एअर पंप दुसरा मिळाला तर तोही लावा.

पंप कुठे ठेवलाय तेही बघा. तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास अजून घरात असेल तर नळी लांब करून पंप दुसऱ्या खोलीत किंवा खिडकीशी ठेवा. डास मारायची मशीन आणि स्प्रे टाकीच्या खोलीत नकोच. त्यांत जी औषधं असतात ती माणसाला सौम्य असली तरी माशांना फार विषारी असतात.

सर्वांत मोठा उपाय मात्र पैशाने मिळत नाही. ज्याची टाकी दोन-तीन वर्षं जुनी आहे आणि मासे निरोगी आहेत अशा ओळखीच्या माणसाकडे जा. त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा मळका तुकडा मागा, त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणा आणि तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये घाला. न धुता. ते विरजण आहे. त्याशिवाय टाकी पुन्हा मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि असा तुकडा मिळाला तर हा काळ बराच आटोपतो. निळं औषध नको म्हटलं ते याचसाठी: मिथिलीन ब्लू या जिवाणूंना मारतं, आणि तुम्हाला तर आता एकेक जिवाणू हवा आहे.

दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. ती तात्पुरती पायरी आहे, पण माशाला जड. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, रक्त तपकिरी पडतं, आणि पाणी हवेशीर असूनही मासा धापा टाकतो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तुमच्या टाकीत खडी वजा जाता साधारण ११० लिटर पाणी असेल. त्याला ३० ते ३५ ग्रॅम जाडं मीठ पुरे, आधी बादलीत विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं. यापेक्षा जास्त नको, कोरीडोरासना मीठ सोसत नाही.

तापमानाकडेही लक्ष ठेवा. दिवाळीनंतर पुण्यात रात्री झपाट्याने गार होतात, आणि टाकी आता बाहेरच्या भिंतीला आहे. हीटर २६ वर ठेवा. कोणी म्हणेल जरा जास्त ठेवा म्हणजे मासे तरतरीत राहतील, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. श्वासाची आधीच ओढाताण असलेल्या माशाला ती वजाबाकी नको. आपल्या पश्चिम घाटातला लाल पट्ट्याचा टॉर्पेडो मासा, केरळ-कर्नाटकच्या वाहत्या ओढ्यांतला, ज्याच्या प्रजातीगटाला २०१३ साली सह्याद्रिया हे नाव मिळालं, तो तर पाणी जरा तापलं आणि हवा कमी पडली की सगळ्यांच्या आधी सांगतो. तुमच्याकडे तो नाही, पण टेट्रांचा थवा विस्कटून वर आला की तेच समजा.

पुढचे दहा दिवस रोज सकाळी दिवा लावायच्या आधी परांवर पांढरे ठिपके शोधा. दिसले तर त्याच दिवशी कळवा, त्याचा उपाय वेगळा आहे आणि तापमानाचा सल्लाही तेव्हा बदलेल.

खडी आत्ता हलवू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर, तिसरा-तिसरा हिस्सा करत तीन आठवड्यांत काढा आणि तिथे धुतलेली नदीची वाळू घाला. यापुढे स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा, आणि ज्या आठवड्यात स्पंज धुवाल त्या आठवड्यात वाळूला हात लावायचा नाही.

उद्या सकाळी तीन गोष्टी लिहा: अमोनिया किती, पीएच किती, आणि कोरीडोरास अर्ध्या तासात किती वेळा वर आले. पीएच ७.५ च्या वर आणि अमोनिया लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर उत्तराची वाट न पाहता आणखी वीस टक्के पाणी बदला. आणि टँकर आला होता का, तेही सांगा.